जुलाबाकडून रक्तदाबाकडे : मृत्यूची कारणं बदलली, नर्सचं कामही बदललं

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ६.८ कोटी मृत्यू झाले. त्यात सर्वाधिक, ९१ लाख, हृदयविकारानं. खालोखाल ८८ लाख कोविडनं. जुलाबाच्या आजारांचे बळी मात्र २००० च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटले.

भारतातही तेच चित्र. १९९० मध्ये एकूण मृत्यूंपैकी ३७.९ टक्के असंसर्गजन्य आजारांमुळे व्हायचे, २०१६ मध्ये हा वाटा ६१.८ टक्क्यांवर गेला. गोवा, केरळ, तामिळनाडूत हा बदल सर्वात पुढे गेलाय.

नर्ससाठी याचा अर्थ काय? सलाईन लावली, रुग्ण बरा होऊन घरी गेला, एवढ्यानं आता भागत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो, दुखत-खुपत काहीच नाही. मग ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद होते आणि एके दिवशी थेट लकवा. म्हणून तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी मोजा, शुगर तपासा. रुग्ण पाच मिनिटं शांत बसल्यावरच पट्टा बांधा. आकडा १४०/९० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजून डॉक्टरांकडे पाठवा. आणि दरवेळी विचारा, “गोळ्या संपल्या तर नाहीत ना?”

ओआरएसची पुडी मात्र हाताशीच असू द्या. जुलाबानं आजही मुलं दगावतात.