अकरा जुलैचा पंचनामा

तारखेला जात नसते असं कोणी म्हणालं तर त्याला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवा. कुठली तारीख लाल शाईत छापायची नि कुठली काळ्या, कोणत्या दिवशी सुट्टी आणि कोणत्या दिवशी दहा मिनिटं उशीर झाला तरी अर्धा खाडा, हे ठरवणारे हात आपले नव्हते. चौदा एप्रिल आपण झगडून लाल करून घेतली. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंनी उभं राहून ती तारीख मुंबईला पाठ करायला लावली. बाकी कितीतरी तारखा अजून कॅलेंडरात नाहीत. त्या लोकांच्या तोंडी आहेत. ती तोंडं मिटली की तारखाही मिटल्या.

दोस्तांनो, त्यातली एक तारीख आज घेतो. ११ जुलै.

मी भाईंदरला पत्र्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. इतिहास वाचला तो रद्दीच्या दुकानातून, जुन्या पेपरांतून आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून. कविता करतो, पण आज कविता नको. आज पंचनामा. पंचनाम्यात जागा लिहितात, वेळ लिहितात, आणि काय दिसलं ते लिहितात. हळहळ लिहीत नाहीत.

सरकारी कागदावर ११ जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन. ११ जुलै १९८७ ला जगाची लोकसंख्या पाच अब्ज झाली असं धरलं गेलं. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने हा दिवस ठरवून टाकला. आपल्याकडे त्या दिवशी शाळेत निबंध, आरोग्य केंद्रात फलक. भाषण एकच, माणसं फार झाली. कोण फार झाली ते वेगळं सांगावं लागत नाही. बोट आपोआप झोपडपट्टीकडे जातं, मोहल्ल्याकडे जातं, गावातल्या भूमिहीनाकडे जातं. ठीक आहे. मोजायचाच दिवस आहे ना? मग जिवंतांची मोजदाद तुम्ही करा. मी मेलेल्यांची करतो.

एक

जागा : माता रमाबाई आंबेडकर नगर, घाटकोपर पूर्व. पूर्व द्रुतगती महामार्गाला चिकटून असलेली वस्ती. साल १९९७, वार शुक्रवार, वेळ सकाळची.

लोक उठले तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला. पाटलाच्या वाड्यापुढून जाताना ज्यांच्या बापजाद्यांना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागली, त्यांना या हाराचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. वस्ती बाहेर आली. हायवे अडवला. रास्ता रोको या शहराने शंभरदा पाहिलाय. दुधाच्या भावासाठी होतो, पाण्यासाठी होतो, लोकल लेट झाली तरी होतो. तेव्हा पोलीस येतात, समजूत काढतात, फार तर लाठी चालवतात.

इथे राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि गोळ्या सुटल्या. दहा माणसं मेली. पंचवीसच्या वर जखमी झाली. मेलेल्यांत आणि जखमींत असे लोक होते, की जे हायवेवर नव्हतेच. आपल्या गल्लीच्या तोंडाशी होते.

मग गोष्ट तयार झाली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा अनर्थ टळावा म्हणून गोळीबार करावा लागला. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग बसला आणि आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणारा उपनिरीक्षक मनोहर कदम याच्यावर ठपका ठेवला. २००९ साली, म्हंजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयातून शिक्षा स्थगित झाली, जामीन झाला. संपलं.

त्या काळाची आणखी दोन टिपणं पंचनाम्यात हवीत. गोळीबारानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आयुष्यभर कष्टकऱ्यांची गाणी गाणारा माणूस. आनंद पटवर्धनांनी त्या मरणापासून सुरुवात करून चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट केला. आणि दुसरं टिपण असं : गोळीबारानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २५ जुलै १९९७ ला, के. आर. नारायणन यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. देशाचे पहिले दलित राष्ट्रपती. स्वातंत्र्याची पन्नाशी तोंडावर होती. एकाच महिन्यात दिल्लीत आपला माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला आणि घाटकोपरला आपली दहा माणसं रस्त्यावर आडवी झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीचा फोटो दाखवून कोणी दुसरी झाकायला लागला तर त्याला थांबवा.

दोन

जागा : पश्चिम रेल्वे. साल २००६, वार मंगळवार, वेळ संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून पुढची अकरा मिनिटं.

चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या लोकल गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. माटुंगा रोड ते माहीमच्या मध्ये, माहीमला, वांद्रे ते खारच्या मध्ये, खार ते सांताक्रूझच्या मध्ये, जोगेश्वरीला, बोरिवलीला, आणि आमच्या इथे, मीरा रोड ते भाईंदरच्या मध्ये. १८९ माणसं मेली. आठशेच्या वर जखमी झाली. बॉम्ब फर्स्ट क्लासच्या डब्यांत होते.

फर्स्ट क्लास म्हटलं की आपल्या पोरांना वाटतं शेठ लोक. चुकीचं आहे. शेठ लोकलने जात नाही. तिथे पास काढून उभा असतो तो कारकून, सेल्समन, बँकेतला शिपाई-हेडशिपाई, साठीला आलेला अकाउंटंट. मीरा-भाईंदर वसलं ते अशाच माणसांनी. मुंबईत भाडं परवडेना, संप फुटला, गिरणी बंद पडली, चाळ सुटली, मग माणूस दहिसर ओलांडून मिठागरांच्या बाजूला एक खोली घेऊन राहिला. त्याची किंमत म्हणून रोज दोन-तीन तास लोकलमध्ये लटकला. त्या संध्याकाळी मेला तो हा माणूस.

आणि मदतीला धावला कोण? रुळाकडेच्या झोपड्यांतले लोक. ज्यांना रेल्वे अतिक्रमण म्हणते, ते. अॅम्ब्युलन्स यायच्या आधी घरातल्या चादरी काढून त्यांची झोळी केली आणि जखमी उचलले. जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. दुसऱ्या दिवशी लोकल चालू झाल्या आणि पेपरांनी ‘मुंबईचं स्पिरिट’ असं छापलं. स्पिरिट कसलं? एक दिवस घरी बसलं तर पगार कापतात.

आता इथली गोष्ट. पोलिसांनी मुस्लिम तरुण उचलले. नया नगरकडे बघायची लोकांची नजर बदलली. खटला मकोकाखाली चालला. हा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा. साध्या कायद्यात पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, कारण तो कसा काढतात हे इंग्रजालाही माहीत होतं. मकोकात वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी, सातांना जन्मठेप. अब्दुल वाहिद शेख हा शाळामास्तर तेवढा निर्दोष सुटला, तोही नऊ वर्षं आत काढून. बाहेर आल्यावर त्याने ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्ण अपयशी ठरला असं म्हटलं. कबुलीजबाबासाठी छळ झाला हे आरोपींचं म्हणणं मान्य केलं. बारांपैकी एक हा निकाल ऐकायला नव्हता, २०२१ साली तुरुंगातच मेला होता. तीन दिवसांनी, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून धरू नये, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही.

एकोणीस वर्षं. विशीतला पोरगा चाळिशीत बाहेर येतो. आणि १८९ घरांच्या हातात काय आलं? काहीच नाही. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही की आमचा माणूस कोणी मारला.

तीन

हे दोन पंचनामे शेजारी ठेवा. १९९७ च्या ११ जुलैला मारणारा माहीत आहे, त्याचं नाव आहे, आयोग आहे, कोर्टाची शिक्षा आहे, पण तो आत राहिला नाही. २००६ च्या ११ जुलैला आत ठेवलेले माहीत आहेत, पण मारणारा माहीत नाही. पहिल्या वेळी व्यवस्थेने आपला माणूस वाचवायला टँकरची गोष्ट रचली. दुसऱ्या वेळी हाताला लागेल तो माणूस अडकवायला कबुलीजबाबाची गोष्ट रचली. दोन्ही गोष्टी रचायची जागा एकच, पोलीस चौकीचं टेबल. आणि गोष्ट चालते कशाच्या जोरावर? आपल्या विसरण्याच्या आणि आपल्या एकमेकांबद्दलच्या संशयाच्या जोरावर.

कारण आपल्यातलेच काही जण मला म्हणतात, २००६ चं आपल्याला काय, तो हिंदू-मुसलमानांचा मामला. आणि मिलमध्ये डबा खाताना मी रमाबाई नगरचं नाव काढलं तर स्फोटात नातेवाईक गमावलेला माणूस विचारतो, तिथे काय झालं होतं? ज्याच्या त्याच्या मढ्याला जो तो रडतो. सरकारला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

आपण संविधान छातीशी धरून मोर्चात जातो. त्यातलं कलम २० उघडून वाचा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही असं त्यात लिहिलंय. कुठल्या जातीच्या, कुठल्या धर्माच्या आरोपीला असं लिहिलेलं नाही. लॉकअपमधला पट्टा आधी कोणाच्या पाठीवर पडतो हे पारध्याला विचारा, मांगवाड्याला विचारा, महारवाड्याला विचारा. आज तो मोहल्ल्यातल्या पाठीवर पडताना आपण गप्प बसलो तर उद्या आपल्या पाठीवर पडेल तेव्हा बाबासाहेबांचं कलम कोणत्या तोंडाने दाखवणार?

चार

तिसरी एक जागा सांगतो, फार लांबची. युरोपातल्या बोस्निया देशातलं स्रेब्रेनिका गाव. ११ जुलै १९९५. संयुक्त राष्ट्रांनी या गावाला ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हटलं होतं, डच सैनिक पहाऱ्याला होते. रात्को म्लादिचचं सर्ब सैन्य आत शिरलं आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून जास्त मुसलमान पुरुष आणि पोरं मारली. पुरावा राहू नये म्हणून पुरलेली प्रेतं पुन्हा यंत्रांनी उकरून दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकली. एका माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडली.

त्यांच्या आया, बायका, बहिणी गप्प बसल्या नाहीत. हाडं शोधा म्हणाल्या, रक्त देऊन तपासण्या करवून घेतल्या, एकेक हाडाला नाव मिळवून दिलं. दरवर्षी ११ जुलैला ओळख पटलेल्यांना पोटोचारीच्या दफनभूमीत पुरतात. दगडावर नावं कोरलेली आहेत. म्लादिचला हेगच्या न्यायालयाने २०१७ साली जन्मठेप दिली, २०२१ साली ती कायम झाली. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ जुलै हा त्या नरसंहाराचा स्मृतिदिन म्हणून ठरवला. तो वंशसंहार नव्हताच म्हणणारे आजही तिथे आहेत. पण त्यांना नाव कोरलेल्या दगडांपुढे उभं राहून खोटं बोलावं लागतं. तोंडी आठवण आणि नोंद यांत हा फरक आहे.

आपल्याकडे काय आहे? रमाबाई नगरात दरवर्षी ११ जुलैला शहिदांना अभिवादन होतं, वस्तीने तेवढं टिकवलंय. पण आता त्या वस्तीचा पुनर्विकास सरकारने हाती घेतलाय. पक्की घरं मिळणार असतील तर ती मिळालीच पाहिजेत, झोपडीत कुजत राहणं म्हंजे काही क्रांती नव्हे. पण गल्ल्या गेल्यावर कोणाला गोळी कुठे लागली ते कोण दाखवणार? तेव्हाची पंचविशीतली माणसं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत.

म्हणून कामाचं बोलतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी रमाबाई नगरात जाऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडून त्या सकाळची हकीकत तारीख, वेळ, जागेसकट वहीत उतरवून घ्यावी. गुंडेवार आयोगाचा अहवाल मिळवून गटात वाचावा, त्यावर नुसती भाषणं नकोत. उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकालही वाचावा आणि नया नगरातल्या पोरांबरोबर बसून वाचावा. येत्या ११ जुलैला संध्याकाळी सहा वाजून चोवीस मिनिटांनी आपण मीरा रोड नि भाईंदरच्या स्टेशनाबाहेर उभे राहू. घाटकोपरची दहा नावं आणि लोकलमधली १८९ नावं एकाच कागदावर लिहून आणू आणि मोठ्याने वाचू. वाचायला अर्धा तास लागेल. गाड्या जात राहतील, लोक उतरत राहतील, कोणीतरी थांबून विचारील की ही कोणाची नावं.

तेव्हा त्याला दोन्ही ११ जुलै सांगायच्या. एक सांगून दुसरी गाळायची नाही.