ऑफिस बॉय ते स्वतःचं डिझाइन सॉफ्टवेअर : बीडचे दादासाहेब भगत डिग्रीशिवाय कोडिंग कसं शिकले?

जयंती असो, गणेशोत्सव असो नाहीतर गल्लीतल्या मित्राचा वाढदिवस असो, सकाळी सात वाजता व्हॉट्सॲप स्टेटसला पोस्टर तयार असतं. फोटो बदलला, नाव बदललं, काम झालं. हे पोस्टर दरवेळी कुणी नव्याने काढत बसत नाही. आधीच बनवून ठेवलेल्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, आपण फक्त आपला मजकूर भरतो.

बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाने याच साच्यांवर आपलं करिअर उभं केलं. त्याच्याकडे इंजिनीअरिंगची डिग्री नव्हती, कॅम्पस प्लेसमेंटही नव्हती. पहिला पगार हातात पडला तो सॉफ्टवेअर लिहिण्याचा नव्हता. त्यांचं नाव दादासाहेब भगत.

बीडला लागूनच परभणी जिल्हा आहे. दोन्हीकडचा प्रश्न सारखाच आहे : कॉम्प्युटरची आवड आहे, पण डिग्री नाही आणि पुण्याला जायला पैसे नाहीत, मग पुढे काय? त्यामुळे भगत यांची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. फक्त 'प्रेरणादायी' म्हणून शेअर करण्यापुरती नाही, तर नेमकं काय घडलं, ते कसं घडलं आणि यातलं आपल्याला काय जमू शकतं, हे पाहण्यासाठी.

कोण आहेत दादासाहेब भगत?

भगत मूळचे आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटण गावचे. आष्टी म्हणजे पाऊस कमी, शेती बेभरवशाची. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा भागात शाळा संपली की पोरांपुढे लवकर कमावतं होण्याचा एकच रस्ता दिसतो.

भगत यांनी शालेय शिक्षणानंतर आयटीआयचा कोर्स केला आणि काम शोधत पुणे गाठलं. सुरुवातीला महिना चार हजारांच्या आसपास पगार होता. मग इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये ऑफिस बॉयचं काम मिळालं. पगार नऊ हजार. साफसफाई, पाणी, सामानाची ने-आण, अशी कामं.

तिथे रोज दिसायचं ते एकच दृश्य : माणसं कॉम्प्युटरपुढे बसतात आणि त्यांचा पगार आपल्या कितीतरी पट असतो. हे काम शिकायला काय लागतं, असं त्यांनी तिथल्याच लोकांना विचारलं. उत्तर आलं, डिग्री लागते. पण ग्राफिक डिझाइन आणि ॲनिमेशनमध्ये डिग्रीपेक्षा हातातलं काम बघतात, हेही कळलं.

इथे लहानपणीची एक गोष्ट कामाला आली. शाळेत असताना मंदिरात रंगकाम करणाऱ्या एका चित्रकारासोबत आपण काम केलं होतं, असं त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. रंग आणि आकार यांच्याशी ओळख होतीच. नोकरी सांभाळून त्यांनी डिझाइन शिकायला सुरुवात केली आणि साधारण वर्षभरात ते डिझाइनर म्हणून कामाला लागले.

डिझाइनमधून कोडिंगकडे कसे वळले?

पुढे हैदराबादच्या एका ग्राफिक्स कंपनीत काम करताना ते पायथन आणि सी प्लस प्लस या भाषा शिकू लागले. आता तुम्ही म्हणाल, डिझाइनरला कोडिंगची गरज काय?

ॲनिमेशन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कामात एकच गोष्ट शंभर वेळा करावी लागते. अक्षरं उडत येणं, लोगो फिरणं, खालच्या पट्टीत नाव सरकणं. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हे पुन्हा हाताने करायचं म्हणजे रात्र जाते. हेच एकदा नीट बांधून ठेवलं आणि फक्त नाव-फोटो बदलायची सोय केली, तर तासांचं काम मिनिटांवर येतं. कंटाळवाणं काम मशिनवर सोपवायचं, एवढ्याच कारणाने जगभर अनेक जण प्रोग्रॅमिंगकडे वळलेत.

यासाठी पायथन सोयीची पडते. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेली ही भाषा वाचायला सोपी आहे आणि ग्राफिक्सच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये छोटी कामं आपोआप करून घ्यायला ती वापरतात. सी प्लस प्लस शिकायला अवघड, पण वेगवान. भारी ग्राफिक्स सॉफ्टवेअरचा आतला गाभा बऱ्याचदा याच भाषेत लिहिलेला असतो.

मध्येच एका कार अपघातामुळे भगत यांना अंथरुणाला खिळून राहावं लागलं. हा काळ त्यांनी टेम्प्लेटचा साठा तयार करण्यात घालवला आणि ते ऑनलाइन विकायला सुरुवात केली. या धंद्याचं गणित सोपं आहे : नोकरीत एक महिना काम केलं की एक पगार, पण एक टेम्प्लेट एकदा बनवलं की ते कितीही वेळा विकलं जाऊ शकतं. पुढे त्यांनी 'नाइन्थमोशन' ही कंपनी काढली.

गोठ्यातलं ऑफिस

कोरोनाच्या लॉकडाउनमध्ये पुण्यातलं ऑफिस बंद करावं लागलं आणि भगत गावी परतले. गावात विजेचा आणि नेटवर्कचा प्रश्न होता. गावाजवळच्या टेकडीवर मात्र नेटवर्क चांगलं मिळायचं. मग तिथल्या गोठ्यातच कॉम्प्युटर मांडले गेले. गावातल्या मित्रांना त्यांनी ग्राफिक्सचं काम शिकवलं आणि टीम तिथेच उभी राहिली.

याच काळात 'डूग्राफिक्स' आकाराला आलं. ब्राउझरमध्ये उघडायचं, तयार साचा निवडायचा, मजकूर बदलायचा आणि पोस्टर डाउनलोड करायचं, असं हे सॉफ्टवेअर. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या कॅन्व्हाने जगभर जे लोकप्रिय केलं, त्याच जातीचं.

२०२४ मध्ये भगत 'डिझाइन टेम्प्लेट' या नावाने 'शार्क टँक इंडिया'च्या तिसऱ्या सीझनमध्ये गेले. तिथे 'बोट' कंपनीचे सहसंस्थापक अमन गुप्ता यांच्यासोबत १० टक्के हिश्श्याच्या बदल्यात १ कोटी रुपयांचा सौदा ठरला. अशा कार्यक्रमात टीव्हीवर ठरलेला सौदा म्हणजे लगेच खात्यात जमा झालेले पैसे नसतात. नंतर कागदपत्रांची तपासणी होते, मग व्यवहार पुढे जातो. पण ऑफिस बॉय म्हणून सुरुवात केलेला माणूस स्वतःचं सॉफ्टवेअर घेऊन त्या मंचावर उभा राहिला, ही गोष्ट महाराष्ट्रभर पोहोचली.

असं सॉफ्टवेअर आतून चालतं कसं?

स्क्रीनवर दिसणारं पोस्टर कॉम्प्युटरसाठी चित्र नसतं, ती एक यादी असते. पोस्टरवरच्या प्रत्येक वस्तूचा जणू एक छोटा सातबारा असतो : ही वस्तू काय आहे, कुठे आहे, किती जागा व्यापते, रंग कोणता, कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली. तुम्ही फोटो सरकवला की या नोंदीतले दोन आकडे बदलतात आणि ब्राउझर ते चित्र पुन्हा काढतो.

टेम्प्लेट म्हणजे अशीच भरून ठेवलेली यादी. त्यातल्या काही नोंदी बदलता येतात, काही कुलूपबंद असतात. 'अनडू' दाबलं की यादी आधीच्या अवस्थेत परत नेली जाते. 'डाउनलोड' दाबलं की यादीवरून मोठ्या आकाराचं चित्र तयार होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण हजारो लोक एकाच वेळी हे करत असतील, तर सर्व्हर, डेटाबेस आणि वेग सांभाळताना कस लागतो.

मराठीची अडचण यात वेगळीच. 'कि' लिहिताना कॉम्प्युटर आधी 'क' साठवतो आणि नंतर वेलांटी, पण स्क्रीनवर वेलांटी आधी दिसायला हवी. 'धर्म' मधला रफार साठवला जातो 'म'च्या आधी, पण बसतो त्याच्या डोक्यावर. ही जुळवाजुळव करणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर जोडाक्षरं फुटतात. फ्लेक्सवर 'हार्दिक शुभेच्छा'ची झालेली मोडतोड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. म्हणूनच देवनागरी नीट कळणाऱ्या प्रोग्रॅमरची गरज आहे, आणि ही समज कॉलेजच्या डिग्रीपेक्षा भाषेच्या वापरातून जास्त येते.

परभणीत बसून हे शिकता येतं का?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण परभणीकर हसत हसत सांगतात. अर्थ असा की बाहेर जमलं तर ठीक, नाहीतर आपलं गाव आहेच. सॉफ्टवेअरच्या बाबतीत शिकण्याची सुरुवात तरी आता गावातूनच करता येते.

पहिली पायरी बहुतेकांना माहिती आहे : एमकेसीएलचा एमएस-सीआयटी. हा कोर्स कॉम्प्युटरची ओळख करून देतो. त्याने प्रोग्रॅमर होता येत नाही, पण मशिनची भीती जाते.

त्यानंतर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रम आहे. मोफत, छोटे छोटे व्हिडिओ, आणि त्यातले बरेच मराठीत. एका बाजूला व्हिडिओ लावायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून बघायचं, अशी त्याची पद्धत. पायथन, लिनक्स, ब्लेंडर असे विषय त्यात आहेत. इंग्रजी थोडं जमत असेल तर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची 'एनपीटीईएल'वरची लेक्चर्स आणि 'फ्रीकोडकॅम्प'चा वेब डेव्हलपमेंटचा अभ्यासक्रमही मोफत आहे. एनपीटीईएलमध्ये शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यायची असेल तर फी भरावी लागते.

ॲनिमेशनची आवड असेल तर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, आणि त्याला पायथनमधून आज्ञा देता येतात. म्हणजे छंद आणि कोडिंग एकाच ठिकाणी.

मग केलेलं काम दाखवायचं कुठे? डेव्हलपर आपला कोड 'गिटहब'वर ठेवतात. डिग्री नसलेल्यासाठी तोच बायोडेटा. तिथे 'कॅल्क्युलेटर' आणि 'टू-डू लिस्ट' लाखो लोकांची असते. पण मोंढ्यातल्या अडत दुकानासाठी हिशेबाचं ॲप, बचत गटासाठी हप्त्यांची नोंदवही किंवा फ्लेक्सवाल्यासाठी मराठी पोस्टर मेकर, असं खऱ्या गिऱ्हाइकाने वापरलेलं एक जरी काम असलं, तरी बोलायला विषय मिळतो.

डिग्रीची गरजच नाही का?

असं म्हणणं चुकीचं ठरेल. अनेक मोठ्या कंपन्यांमध्ये अर्जाच्या पहिल्याच चाळणीत पदवी मागतात. कॉलेजमध्ये डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस हे विषय सक्तीने शिकवतात. स्वतः शिकणारा माणूस नेमकं हेच टाळतो, कारण त्यातून स्क्रीनवर लगेच काही दिसत नाही. पुढे सॉफ्टवेअर मोठं झालं की हीच उणीव आडवी येते.

शिवाय भगत यांच्यासारखं यश सगळ्यांना मिळत नाही. शिकूनही मागे राहिलेल्यांच्या बातम्या होत नाहीत. त्यामुळे घरचं उत्पन्न सोडून एकदम उडी घेण्याआधी त्यांच्याच प्रवासातली एक गोष्ट बघावी : त्यांनी शिकायला सुरुवात केली तेव्हा ऑफिस बॉयची नोकरी सुरूच होती. आधी डिझाइनचं काम मिळालं, मग कोडिंग, मग टेम्प्लेटची विक्री आणि सगळ्यात शेवटी कंपनी. प्रत्येक टप्प्यावर थोडे का होईना पैसे येत होते.

आणि 'सहा महिन्यांत शंभर टक्के नोकरीची हमी' देऊन मोठी फी मागणाऱ्या क्लासची जाहिरात दिसली, तर आधी त्याच विषयाचे मोफत धडे महिनाभर करून बघा. महिन्याने रोज दोन तास बसायची सवय टिकली असेल, तर फी भरायची की नाही हे जास्त नीट ठरवता येईल.