गुडिसन पार्कचीं जुनीं प्रेक्षकगृहें

लिव्हरपूल शहरांतील गुडिसन पार्क हें क्रीडांगण भाड्याच्या तंट्यांतून जन्मास आलें. ॲनफील्डची जागा सोडून एव्हर्टनचा फुटबॉल-संघ १८९२ सालीं येथें आला. १९४८ च्या सप्टेंबरांत लिव्हरपूल-संघाशीं झालेला सामना पाहण्यास ७८,२९९ माणसें जमलीं. त्यांतील पुष्कळशीं उभ्यानेंच.

पुढें प्रेक्षकगृहें म्हातारीं झालीं व त्यांचा जाच चाहत्यांस होऊं लागला. छपराचा खांब नेमका चेंडू जाळ्याकडे जातांना आड येई. मग मान वांकडी करावी, नाहींतर शेजाऱ्यांच्या आरोळीवरून काय तें ताडावें. आसनें तर इतकीं अरुंद, कीं उंच माणसानें गुडघे कोठें ठेवावे! पण मैदान अगदीं हाताशीं होतें, आणि हजारों पाय एकदम आपटले म्हणजे लाकडी तक्तपोशी गर्जत असे. नव्या क्रीडांगणांत ऐसपैस बसतां येतें. ही गर्जना मात्र विकत मिळत नाहीं.

१८ मे २०२५ रोजीं साउदॅम्प्टनवर २-० असा विजय मिळवून पुरुषांच्या संघानें हें घर सोडलें. तें पाडावयाचें ठरलें होतें. परंतु एव्हर्टनच्या स्त्रियांच्या संघास तें मिळालें. १९२० च्या डिसेंबरांत याच मैदानावर स्त्रियांचा सामना पाहण्यास सुमारें ५३,००० लोक लोटले होते, आणि पुढल्याच वर्षीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें आपल्या संघांचीं मैदानें स्त्रियांना बंद केलीं होतीं.