तुरीच्या मुळांवरील सूत्रकृमी आणि त्यांचा जिवाणू-शत्रू

जालना जिल्ह्यातील बदनापूर हे गाव कडधान्यांच्या अभ्यासकांस परिचित आहे ते तुरीमुळे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने 'बीडीएन' आणि 'बीएसएमआर' या आद्याक्षरांचे वाण दिले. दुसऱ्या नावात तर वांझ रोगाचा प्रतिकार हाच गुण गोवलेला आहे. मर व वांझ या दोन रोगांशी झुंज ही तेथील कामाची मुख्य परंपरा होय.

मर रोगाच्या बुरशीचे वर्णन बटलर यांनी १९१० मध्ये केले. तुरीवरील कोष-सूत्रकृमीस मात्र स्वतंत्र जाती म्हणून ओळख मिळाली ती पी. के. कोशी यांच्या लेखनाने, १९६७ साली. या कृमींनी जखमी केलेल्या मुळांत मर अधिक बळावते, हे ध्यानी घेता हा विलंब थोडा नव्हे. त्यास कारणही आहे. मुळांवर मोत्यांप्रमाणे चिकटलेल्या पांढऱ्या माद्या अतिसूक्ष्म असतात. आणि गाठी करणाऱ्या दुसऱ्या सूत्रकृमीच्या गाठी पुष्कळदा नत्रग्रंथी समजल्या जातात. वस्तुतः नत्रग्रंथी बोटाने सहज सुटते. कृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच असते.

योगायोग असा की, नत्रग्रंथींतील जिवाणू बायरिंक यांनी वेगळा केला त्याच वर्षी, १८८८ मध्ये, मेचनिकॉफ यांनी पाण्यातील पिसवांवरील एका परोपजीवी जिवाणूस पाश्चर यांच्या सन्मानार्थ 'पाश्चुरिया' हे नाव दिले. त्याचाच भाईबंद सूत्रकृमींवर कॉब यांनी १९०६ मध्ये पाहिला, पण तो आदिजीव समजून. थॉर्न यांनीही १९४० मध्ये त्यास आदिजीवांतच घातले. मॅन्कॉ यांनी १९७५ मध्ये तो जिवाणू असल्याचे दाखविले आणि १९८५ मध्ये सेयर व स्टार यांनी त्यास पाश्चुरिया प्रजातीत आणले. दरम्यान, १९७७ मध्ये डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकामुळे कॅलिफोर्नियातील कारखान्याच्या कामगारांत वंध्यत्व आढळले. रसायनांवरील भिस्त डळमळली.

या जिवाणूचे बीजाणू मातीतील कृमीच्या पिलांच्या कातडीस चिकटतात. पिलू मुळात शिरल्यावर ते आत अंकुरतात आणि मादीचे शरीर अंड्यांऐवजी लक्षावधी बीजाणूंनी भरते. अडचण ही की, कृमीबाहेर त्याची वाढ सहजी होत नाही. शिवाय तो चोखंदळ आहे. एका ठिकाणच्या कृमीस चिकटणारे बीजाणू दुसरीकडच्या त्याच जातीस चिकटतीलच असे नाही. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये १९९० च्या दशकात तुरीच्या कोष-सूत्रकृमीवरील पाश्चुरियाचा अभ्यास झाला. परंतु तेथील बीजाणू बदनापूरच्या काळ्या जमिनीतील कृमीस लागू पडतील काय, हे त्या जमिनीतील पिले पाण्यात घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावयास हवे.