मिरजेची गाडी, 1912

कराड स्टेशन गावापासून लांब आहे, तेव्हाही होतं. बैलगाडीतून तुम्ही आत्याला हात देऊन उतरवता. तिने पदर छातीवरून घट्ट ओढून घेतलाय आणि घर सोडल्यापासून एकच विचारतेय, "तितं बाईमानूस असंल न्हवं?" तुम्ही "असंल की" म्हणता. ठाऊक तुम्हालाही नाही. मिरजेचा गोरा डॉक्टर आंधळ्याला दिसायला लावतो, एवढंच कानावर आलंय.

साल 1912. तिसऱ्या वर्गाचा डबा, तंबाखूचा वास, खिडकीतून येणारी कोळशाची कणी. कराड इंग्रजी मुलखात. कुंडल रोडला औंध संस्थानाचा माळ लागतो. निवडुंग तोडून तिथे कारखाना उभा राहतोय. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दोन वर्षांपूर्वी लक्ष्मणराव किर्लोस्करांना ही जागा दिली. पुढे सांगलीकरांचा मुलूख, मग बुधगाव, म्हणजे मिरजेच्या धाकट्या पातीची गादी, आणि शेवटी थोरल्या पातीची मिरज. एका तिकिटात चार राज्यं ओलांडूनही आत्या काही बोललेली नाही.

मिरज जंक्शनला कोल्हापूरची गाडी आधीच येऊन थांबलीय. ती शाखा कोल्हापूर दरबारने 1891 साली सुरू केली. कोल्हापुरात दरबारी आश्रयाचं मोठं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल आहे, आजचं सीपीआर. तरी तिकडचीही माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून इथे उतरताहेत.

आवारात शिरल्यावर गर्दी बघून तुम्ही थबकता. हा गोरा डॉक्टर म्हणजे विल्यम वॉनलेस, मूळचा कॅनडाचा, शिकला न्यूयॉर्कला. 1889 साली आला तो आधी सांगलीत, नंतर मिरजेत. थोरल्या पातीच्या गंगाधरराव तथा बाळासाहेब पटवर्धनांनी जागा दिली. इमारतीचा पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्सने, रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदाराने. 1894 साली दवाखाना उघडला. जमीन संस्थानिकाची, पैसा परदेशी, डॉक्टर मिशनचा. राजाने दवाखाना बांधला असं म्हणायची आपल्याला सवय आहे, पण इथे राजाचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं. धर्मांतराच्या भीतीने सोवळी मिरज कुरकुरत असणारच, तरी त्याने परक्याला पाय रोवू दिले. बाळासाहेबांच्या दरबाराला आश्रय देण्याची सवय जुनीच. फटाक्याने डोळे भाजलेला कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुस्कर उपचारांसाठी मिरजेलाच आला होता, वॉनलेसच्याही आधी, डॉ. भडभड्यांकडे, आणि गाणं शिकायला त्याला आधार मिळाला तो याच दरबारचा.

सकाळची प्रार्थना होते. कुणीतरी बायबलमधलं काही मराठीत वाचतं. आत्या हात जोडून ऐकते, देव कुणाचा का असेना. पलीकडे झाडाखाली नातेवाइकांच्या चुली पेटल्यात. ब्राह्मणाची चूल लांब, जैनाची आणखी लांब. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास मात्र सगळ्यांच्या भाकरीवर सारखाच येतो.

आत्या डोळ्यांसाठी आलेली नाही, छातीतल्या गाठीसाठी आलीय. आता कर्करोगाचं. हा दवाखाना उघडला त्याच 1894 साली बाल्टिमोरच्या हॉल्स्टेडने स्तनाच्या कर्करोगावरच्या आपल्या शस्त्रक्रियांचे निकाल छापले: स्तन, खालचा स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकदम काढायचं. 1912 साली यापलीकडे फारसं काही हातात नाही. रेडियम सापडून चौदा वर्षं झालीत, पण ते कराडच्या बाईसाठी नाही. मुंबईत टाटा मेमोरियल उघडायला अजून एकोणतीस वर्षं आहेत. चाकू लवकर लागला तर लागला. जागा देणारा राजा मिळतो, इंजिनवाला दाता मिळतो. पदराआड गेलेले महिने कुठल्याच खजिन्यातून भरून मिळत नाहीत. मोतीबिंदूवाला वाट पाहून पाहून का होईना, बरा होतो, म्हणून दवाखान्याचं नाव त्याच्यामुळे झालं. गाठवाली बाई गप्प बसते.

नंबर येतो. टेबलापाशी मराठी बोलणारी परिचारिका बघून आत्याचा जीव भांड्यात पडतो. वहीत गाव लिहिलं जातं, वय अंदाजाने. कुठल्या संस्थानची, हे कुणी विचारत नाही.

"गाठ कधीपासून?"

"संक्रांतीपास्नं."

"म्हणजे यंदाच्या?"

आत्या तुमच्याकडे बघते. तुम्हालाही हे आजच कळतंय.

"न्हाई. त्याच्या आदल्या."