श्रमाकडून व्यायामाकडे : मनोरुग्णसेवेच्या इतिहासातील एक प्रकरण

बालाघाट जिल्ह्याची निर्मिती १८६७ साली मध्यप्रांतात झाली. त्या प्रांतातील मनोरुग्णांना ठेवण्याची सरकारी व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूर व जबलपूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत होती. मनोरुग्णाचे शरीर कार्यरत राहिले पाहिजे, ही जाणीव त्या काळीही होती. मात्र रुग्णाचे शरीर राबावे ते रुग्णासाठी की संस्थेसाठी, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. प्रस्तुत विवेचन त्या प्रश्नाविषयी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांनी साखळदंडांऐवजी सहानुभूती व नियमित दिनक्रम यांचा पुरस्कार केला. १७९६ साली यॉर्क येथे सुरू झालेल्या ट्यूक यांच्या संस्थेत मोकळ्या हवेत फिरणे व बागकाम ही उपचाराची अंगे मानली गेली. हाच विचार हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचे रूप पालटले. येथील इस्पितळांत देशी रुग्णांच्या वाट्याला प्रामुख्याने बागकाम, विणकाम, दळण यांसारखे श्रम आले आणि सरकारी अहवालांत त्या श्रमांच्या उत्पन्नाचा हिशेबही मांडला जाऊ लागला. उपचार आणि बिगार यांमधील सीमारेषा अशा रीतीने पुसट झाली.

इस्पितळांच्या भिंतींबाहेर मात्र व्यायामाचे निराळे युग अवतरत होते. अमरावतीस १९१४ साली हनुमान आखाड्याची स्थापना झाली. त्यातूनच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती मनोविकारांसाठी योजिली आणि १९७० च्या दशकात तिचे निष्कर्ष विदेशी नियतकालिकांतही प्रसिद्ध केले. आखाड्याची व योगाची परंपरा आणि मानसोपचार यांमधील अंतर येथे कमी झाले.

त्यानंतरचे पुरावे अधिक काटेकोर आहेत. १९९९ साली अमेरिकेत नैराश्यग्रस्त १५६ प्रौढ व वृद्ध रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सोळा आठवड्यांच्या नियमित व्यायामाचा परिणाम औषधाच्या तोडीचा आढळला. २००७ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी छिन्नमनस्कतेच्या ६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात औषधे चालू ठेवून काहींना योग, तर काहींना व्यायाम देण्यात आला आणि योग करणाऱ्यांत अधिक सुधारणा दिसली. येथे औषधाला पर्याय शोधलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. तीव्र मनोविकार असलेल्या व्यक्तींचे आयुष्य इतरांहून सरासरी दहा ते वीस वर्षांनी कमी भरते. हृदयविकार व मधुमेह यांचा त्यात मोठा वाटा असून काही औषधांनी वजनही वाढते. म्हणून व्यायाम हा येथे मनाइतकाच प्राणाचा प्रश्न आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णावर कामाची सक्ती करण्यास मनाई केली, केलेल्या कामाचा योग्य मोबदला देण्याचे बंधन घातले आणि विरंगुळ्याची तरतूद हा त्याचा हक्क ठरविला. दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला मिळालेले हे कायदेशीर उत्तर होय.

परंतु कायद्याने अंतर मिटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. राज्याची मोठी मनोरुग्णालये ग्वाल्हेर व इंदूर येथे, म्हणजे येथून शेकडो किलोमीटर दूर. औषध महिन्याचे एकदम आणता येते. व्यायाम रोजच्या रोज आणि घराजवळच करावा लागतो. तो शाळेच्या मैदानावर, आखाड्यात किंवा वैनगंगेच्या काठावरच्या फेरफटक्यात घडू शकतो. त्याला उपकरणे फार लागत नाहीत. लागते ती सोबत. बरा होऊन परतलेला आपला शेजारी सकाळी मैदानावर आला, तर त्याला आपल्या रांगेत जागा द्यावयाची की नाही, हा निर्णय कोणत्याही इस्पितळाच्या हाती नाही. तो या सभागृहात बसलेल्यांच्या हाती आहे.