कागद टिकले, विटांचे काय?

वास्तुकार लुई कान १७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात वारले. मागे मोठे कर्ज होते. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यांचे कागदपत्र विकत घेतले. ते आज फिलाडेल्फियातल्या विद्यापीठात आहेत. कर्ज नसते तर हा ठेवा कुठे पांगला असता, कोण जाणे!

अहमदाबादच्या आयआयएमची विटांची रुंद कमान, तिचे पाय फाकू नयेत म्हणून खाली काँक्रीटची तुळई, ही जोडी आराखड्यावरून कळते. पण कान यांच्यानंतर हा परिसर पुरा केला तो त्यांच्या कार्यालयात काम केलेल्या अनंत राजे यांनी. त्यांना तळटीपेत ढकलणे मला पटत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडायचे ठरवले. जगभरातून विरोध झाल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी निर्णय मागे घेतला. २०२२ मध्ये मात्र तो विषय पुन्हा काढला. भेगा आणि गळती खोटी नाही. पण आराखडे आहेत म्हणून पुन्हा तसेच बांधता येईल, हे मी मानत नाही. जागेवर गवंड्याशी बोलून ठरलेले सगळेच कागदावर उतरते थोडेच! शिवाय त्याच परिसरातले ग्रंथालय मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने दुरुस्त केले, आणि २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.